काळीच्या शेजारी दोन नव्या

स्वतःच्याच घरात खाकरून शिरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमची मावशी. माझी आई गेल्यावर दीड वर्षाने बाबांनी हिच्याशी लग्न केलं आणि तिच्या माहेरून, खांब गावाहून, आमच्या निडीला आणलं. "हिला मावशी म्हण," एवढंच मला सांगितलं. मी तेही म्हणत नव्हते. पाचवीत होते आणि तोंड फुगवून बसण्यात पटाईत. मी आत असले की मावशी दारातून विचारायची, "येऊ काय गो?" मी उत्तर द्यायची नाही. मग ती तिथेच उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायची. नुसता संताप यायचा मला!

परसात आईची एक कोंबडी होती, काळी. बाकीच्या मुंगसाने नेल्या, ही एकटी उरली आणि माझ्याइतकीच कजाग झाली. मावशीने माहेरून दोन तरण्या कोंबड्या आणल्या तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा म्हणाले, "टाक खुराड्यात एकदम. दोन दिवस मार खातील नि गप होतील."

"मार खाऊन गप झालेली कोंबडी अंडी नाय देत ओ," मावशी म्हणाली. "घर काळीचं हाय. तिला आधी बघू दे, ऐकू दे."

नव्या दोघींना तिने खुराड्यापासून लांब बांबूच्या डालग्याखाली झाकलं, वर दगड ठेवला. सकाळी कणी टाकायची ती आधी काळीला, मग त्यांना. डालगं रोज वीतभर पुढे सरकवायची. काळी बाहेरून चोची मारून दमायची. "भांडू दे. पण मधी काय तरी आड पायजे," मावशी म्हणायची.

चौथ्या दिवशी मावशी विहिरीवर गेली आणि मी दगड उचलून डालगं उलथवलं. काळीने त्यांना पिटाळावं आणि त्यांच्यामागून मावशीनेही माहेरची, खांबची वाट धरावी, असा माझा बेत. काळीने एकीचं डोकं पार सोलून काढलं.  रक्त बघून मीच ओरडत काळीला हाकललं.

बाबा कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून आले ते कडाडलेच. "कोणी उघडलं?"

मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दगड ठेवायचा ऱ्हायला माझ्याकडनं," म्हणाली. बाबा तिला वाट्टेल ते बोलले. मी ओटीच्या खांबाला टेकून मेल्यासारखी उभी. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोंबडीला मांडीत घेऊन परसात एकटीच बसली होती. मी वाटीत खोबरेल आणि हळद कालवली आणि नेऊन तिच्यापुढे धरली.

"पाय धर तिचे," ती म्हणाली. "हळू. घाबरली हाय."

"मावशी, दुखत असेल का गं तिला?" मी विचारलं. तिला मावशी म्हणाले ते त्या दिवशी पहिल्यांदा. डालगं पुन्हा लांबून सुरू झालं. महिन्याभराने तिघींनी मिळून मावशीची मेथी उकरून ठेवली.

पुढे मी लग्न होऊन पेणला आले. माझ्या बाळंतपणात ही बाई भाताच्या तुसात अंडी पुरून एसटीने घेऊन यायची, एक फुटायचं नाही. माझ्यासाठी तिने काय काय केलं ते सांगायला बसले तर उठवणार नाही मला.

तिला जाऊन आता वर्ष होईल. शेवटी रोह्याच्या दवाखान्यात मी तिच्याजवळ होते. एकदाचं सांगून टाकलं, "मावशी, ते डालगं मी उघडलं होतं."

"ठाऊक हाय. दगड मी ठेवलाच होता की."

"मग बाबांची बोलणी का खाल्लीस?"

 ती म्हणाली, "मला माहेरी जायचंच होतं, मग तुला कशाला मार बसू देऊ? त्या संध्याकाळी मी कपडे पिशवीत भरले होते गो. पोरीला एवढी नको झालेय तर कशाला ऱ्हायचं? सकाळच्या गाडीनं निघणार होते. जाता जाता तेवढी कोंबडी बघावी म्हणून परसात बसले, तर तू वाटी घेऊन आलीस. मग गेले आत, पिशवी रिकामी केली नि तुझ्यासाठी भाकऱ्या टाकल्या."