थंडीचं मशीन

आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी मिळवलेला पहिला माणूस मी. फौजदारी कोर्टात आरोपी म्हणून उभा राहिलेलाही पहिला मीच. दोन्ही मान एकाच वर्षाच्या आत मिळवल्यामुळे धाकट्या चुलत भावंडांसाठी मी फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही.

हे लिहावं की नाही, ते बरेच दिवस ठरत नव्हतं. अजूनही नीट ठरलंय असं नाही.

गुन्हा करायचाच तर निदान सांगण्यासारखा तरी करावा, पण मला तेही जमलं नाही. जुलैमधला रविवार होता, भर दुपार. माझ्या कॉलेजच्या गावी, विंडसरमध्ये, एका वर्गमित्राच्या बॅकयार्डात बार्बेक्यू होतं. मी तीन बीअर प्यायलो, किंवा चार. शिकत होतो इंजिनिअरिंग, आणि चारपर्यंत मोजता आलं नाही. खुर्चीत तासभर झोप काढली, तोंड धुतलं, 'आता एकदम फ्रेश' असं स्वतःचं स्वतःलाच सर्टिफिकेट दिलं आणि गाडी काढली. पुढच्या चौकात पोलीस येणारी प्रत्येक गाडी थांबवत होते. त्यांच्या यंत्राने माझं सर्टिफिकेट मान्य केलं नाही.

कुणाला लागलं नाही, कुठे आदळलो नाही. सप्टेंबरात कोर्टात गुन्हा कबूल केला. तीन महिने लायसन्स गेलं, आणि त्यानंतरचे नऊ महिने गाडीत श्वास तपासणारं मशीन बसवायचं, असं ठरलं. फुंकून पास झालो तर गाडी सुरू होणार, नाहीतर नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण माझी खरी अडचण कोर्ट नव्हतं, बाबा होते. बाबा ड्रायव्हर आहेत. तिकडे तालुक्याच्या डेपोत वीसेक वर्षं त्यांनी लाल बस चालवली. मी सातवीत असताना ते इकडे परदेशात ट्रक चालवायला आले, दोन वर्षांनी आईला आणि मला आणलं. आता व्हिटबीत शाळेची पिवळी बस चालवतात. इतक्या वर्षांत त्यांनी गाडीला साधा ओरखडा पाडलेला नाही. दारूचं तर नावच नको. आई तो शब्दही तोंडातून काढत नाही, 'तसलं' म्हणते. 'अमक्याच्या घरी जाऊ नकोस, त्यांच्याकडे तसलं असतं.' अशा घरातला मी एकुलता एक सुपुत्र. फ्रिजवर माझा कॉलेजच्या पहिल्या दिवसाचा फोटो अजून चिकटवलेला आहे.

त्यामुळे घरी काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. निदान डिग्री हातात पडेपर्यंत तरी. त्यांचा तो एक दिवस नासवायचा नाही. हेतू किती उदात्त होता पाहा.

लायसन्स नसलेल्या तीन महिन्यांत मी घरी गेलो तो ट्रेनने. बाबांनी विचारलं, "गाडी कुठंय?"

"गॅरेजला आहे."

दुसऱ्या कुणाचे वडील 'बरं' म्हणून टीव्हीकडे वळले असते. माझ्या वडिलांनी टीव्ही बंद केला. "काय होतंय?"

मला गाडीचा जो पहिला भाग आठवला तो मी सांगितला. "अल्टरनेटर गेलाय."

"आवाज कसा येत होता? घरघर की किरकिर?"

"किरकिर," मी म्हणालो, आणि तिथून माझा सर्वनाश सुरू झाला. मुलगा अडचणीत आहे म्हटल्यावर बाबा रोज फोन करायला लागले. व्होल्टेज तपासलं का? बेल्ट बदलला का? अल्टरनेटर दुरुस्त झाला म्हणावं तर ते म्हणणार, मग या वीकेंडला गाडी घेऊन ये. म्हणून मी गिअरबॉक्स बिघडवला. मग रेडिएटर. त्यानंतर पुन्हा अल्टरनेटर, कारण मेकॅनिकने जुनाच बसवला होता. माझ्या सुदृढ गाडीला त्या तीन महिन्यांत जेवढे आजार झाले, तेवढे आमच्या सगळ्या आळीला मिळून झाले नसतील.

याच दिवसांत व्हिटबीकडच्या मराठी मंडळींनी मला शाळकरी मुलांना 'मार्गदर्शन' करायला बोलावलं. विषय होता, योग्य निर्णय कसे घ्यावेत. मी गेलो. बसने गेलो. अगदी मनापासून बोललो. शेवटी एका मुलीने इंग्रजीत विचारलं, "तुमचा सगळ्यात वाईट निर्णय कोणता?" मी म्हणालो, पहिल्या वर्षी फिजिक्सचं एक असाइनमेंट उशिरा दिलं होतं. आईने पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवल्या.

डिसेंबरात मशीन बसलं. बसवणारे एक पंजाबी अंकल होते, सायलेन्सर दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांचा छोटा गाळा. ते डॅशबोर्ड उघडून वायरी जोडत होते आणि मी शेजारी नवरदेवासारखा अवघडून बसलो होतो.

"बेटा, पढ़ते हो?"

"जी. मेकॅनिकल इंजिनिअरिंग."

"बढ़िया," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी अजून त्यांचा ऋणी आहे.

मशीन मुठीएवढं होतं, त्याला टेलिफोनसारखी गुंडाळीची वायर आणि पुढे प्लास्टिकची नळी. नुसतं फुंकून भागत नाही. फुंकता फुंकता घशातून 'हूं' असा आवाज काढावा लागतो, एका लयीत, ते खूश होईपर्यंत. समोरच्या काचेवर छोटा कॅमेरा, फुंकणारा मीच आहे ना ते बघायला. गाडी चालू असताना ते मधूनच पुन्हा बीप करतं, मग पुन्हा फुंकायचं. अंकलनी बजावलं, "माउथवॉश नहीं. कफ सिरप नहीं. खाने के बाद कुल्ला करो, पंद्रह मिनट रुको, फिर फूँको. और जो गाड़ी चलाए, वही फूँके. किसी दूसरे से कभी मत फुँकवाना. वह भी जुर्म है."

लहानपणापासून माझी तक्रार होती की घरात माझं कुणी ऐकून घेत नाही. आता माझा प्रत्येक श्वास ऐकून, फोटोसकट जपून ठेवणारं कुणीतरी मिळालं होतं. कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोरांना वाटायचं मी व्हेप ओढतोय. मी ते खोडून काढलं नाही. गुन्हेगार दिसण्यापेक्षा ते बरं होतं.

जूनमध्ये पदवीदान होतं. आई-बाबा आदल्या दिवशी दुपारी ट्रेनने येणार होते. बाबा सुट्टीत गाडी चालवत नाहीत. मी पाच महिने विचार करून एक स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं.

स्टेशनवर बाबांची बॅग उचलायला गेलो तर त्यांनी हातच लावू दिला नाही. "जड आहे. राहू दे." दोन दिवसांसाठी एवढं काय आणलंय ते कळेना. गाडीत बसलो. बाबा पुढे, आई मागे. मी शक्य तितक्या सहजपणे नळी तोंडाला लावली आणि 'हूंऽऽऽ' केलं.

"अगं बाई, हे काय रे?" आई म्हणाली.

"थंडीचं मशीन आहे. इंजिन गार पडतं ना इथे, म्हणून फुंकून... म्हणजे, उष्णतेने सुरू होतं."

बाबांनी मशीनकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. फुटपाथवरून लोक हाफ पँटीत आइस्क्रीम खात चालले होते.

"बरं," बाबा म्हणाले.

पाच महिन्यांत मी डिसेंबरसाठीचं उत्तर तयार केलं होतं. पदवीदान जूनमध्ये असतं, हे इंजिनिअरच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझ्या बेसमेंटच्या स्वयंपाकघरात पोहे केले. मी ते खाल्ले, कुल्ला केला, घड्याळात पंधरा मिनिटं मोजली. सगळं नियमाप्रमाणे. निघताना दारात आईने पर्समधून बाटली काढली. द्राक्षासव. लहानपणापासून परीक्षेला, प्रवासाला, लग्नाला निघताना आमच्या घरात दोन चमचे द्राक्षासव ठरलेलं.

"घे. स्टेजवर पोटात गडबड नको."

आईच्या हातचं औषध. मी विचारसुद्धा केला नाही. दोन चमचे घेतले, गाडीत बसलो आणि फुंकलं.

लाल दिवा. मशीन किंचाळलं.

तासाभरात गाउन घालून रांगेत उभं राहायचं होतं.

"काय झालं?" आई.

"गरम... गरम नाही झालं बहुतेक."

बाबांनी हात पुढे केला. "आण इकडे. मी फुंकतो. माझा दम चांगला आहे."

"नको बाबा, कॅमेरा आहे."

बाबांनी हात तसाच ठेवला. "थंडीच्या मशीनला कॅमेरा कशाला लागतो?"

मागच्या सीटवर आईच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. मी स्टीअरिंगकडे बघत राहिलो. ऐकू येणाऱ्या आवाजात बोलायचं ठरवलं होतं, तसं जमलं नाही.

"दारू पिऊन गाडी चालवली. पकडलं. त्याची शिक्षा आहे ही."

"कधी?"

"मागच्या जुलैत."

"कुणाला लागलं?"

"कुणाला नाही."

"खरं?"

"खरं. आईशप्पथ."

"माझी शपथ घेऊ नकोस," मागून आई म्हणाली.

"आणि आज?" बाबांनी दिव्याकडे बोट दाखवलं. "हे लाल कशानं?"

"आज नाही हो बाबा. कोर्टाच्या दिवसापासून थेंब नाही घेतला. पोहे खाल्लेत फक्त, आणि..."

आम्ही दोघांनी एकाच वेळी मागे वळून आईच्या पर्सकडे पाहिलं. बाबांनी बाटली मागून घेतली, चष्मा लावला आणि लेबलवरची बारीक अक्षरं सावकाश वाचून दाखवली. औषध मुरताना त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो, असं तिथे स्वच्छ छापलं होतं.

"तसलं आहे हे," बाबा म्हणाले.

"औषध आहे ते!" आई उसळली. "माझी आजी द्यायची! तुम्हीसुद्धा घेतलंय पन्नास वेळा!"

"ते त्या मशीनला सांग."

त्या परिस्थितीतही मला हसू येणार होतं, पण हसण्याइतकी माझी पत उरली नव्हती. बाबांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "चूळ भर. तीन-चार वेळा. मग थांबू."

थांबलो. त्या पंधरा मिनिटांत बाबा एवढंच बोलले की डेपोत शेवटची काही वर्षं त्यांनी रोज सकाळी असंच फुंकून बस बाहेर काढली होती. "मला शिकवतोस थंडीचं मशीन."

"म्हणजे कालच ओळखलंत?"

"स्टेशनवरच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून."

मग 'मी फुंकतो' म्हणाले, तो मला बोलतं करायला टाकलेला डाव होता, की खरोखरच माझ्यासाठी ते फुंकणार होते? आयुष्यभर कुठलाही नियम न मोडलेला माणूस. हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही. दोन्हींपैकी कुठलं उत्तर मला झेपेल, ते माहीत नाही.

पुन्हा फुंकलं. हिरवा दिवा आला. गाडी सुरू झाली.

"आता उतर," बाबा म्हणाले. "मी चालवतो."

"हिरवा आलाय, बाबा."

"दिसला मला."

मी उतरलो. अर्ध्या वाटेत मशीनने बीप केलं, तर बाबांनी गाडी बाजूला घेतली, मी फक्त 'हूं' करायचं सांगितलं, आणि त्यांनी पहिल्याच दमात मशीन गप्प केलं. मला ते जमायला आठवडा लागला होता.

सिग्नलला थांबल्यावर त्यांनी समोर बघतच विचारलं, "मग अल्टरनेटरचं काय झालं होतं?"

"काही नाही."

"गिअरबॉक्स?"

"काही नाही."

"रेडिएटर?"

मी मान हलवली. सिग्नल सुटला तरी बाबांनी गाडी क्षणभर हलवली नाही. दारूबद्दल ऐकताना त्यांचा चेहरा जसा झाला नव्हता, तसा आता झाला होता.

स्टेजवर गेलो, डिग्री घेतली. फोटोत आम्ही तिघंही हसतो आहोत, म्हणजे ओठ त्या दिशेने आहेत.

संध्याकाळी परत आलो तेव्हा बाबांनी ती जड बॅग उघडली. टॉवेलात गुंडाळलेला अल्टरनेटर बाहेर काढला आणि टेबलावर माझ्या डिग्रीशेजारी ठेवला. त्यांच्या बस यार्डातल्या मेकॅनिकच्या मागे लागून, माझ्या गाडीच्या मॉडेलचा शोधून आणलेला. घासूनपुसून चकचकीत केलेला. माझ्या मेकॅनिकने बसवलेला 'जुना' काढून जाण्याआधी ते हा स्वतः बसवून देणार होते.

"हा मी परत नेणार नाही," बाबा म्हणाले. "जड आहे."

आई आत जाऊन कुकर लावायला लागली. द्राक्षासवाची बाटली तिने सिंकमध्ये ओतली नाही, पण पर्समध्येही परत ठेवली नाही.

पुढच्या महिन्यात अंकलकडे तपासणीला गेलो. संगणकावर माझे फोटो सरकत होते, अवघडलेले, गाल फुगवलेले. मधेच एक फोटो आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, नजर सरळ.

"यह कौन है?"

"मेरे फादर."

"फूँकना आता है इनको," अंकल म्हणाले.

सप्टेंबरात मशीन निघालं. आता गाडी मला काही न विचारता सुरू होते, आणि मला ते जरा विचित्र वाटतं. अल्टरनेटर डिकीत आहे. बाबा अजूनही फोन करतात, आता रोज नाही, दर रविवारी, "गाडी कशी आहे?" मी सांगतो, "चांगली आहे." मग ते थोडा वेळ थांबतात. फुंकल्यावर दिवा लागेपर्यंत मशीनला जेवढा लागायचा, साधारण तेवढाच.

मग म्हणतात, "बरं."