नाव न दिलेली फाईल
कूलरमधल्या ओल्या खसचा वास आला की भिलाईचं आमचं घर आठवतं. आई गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. नळ कधी आला, भेटायला कोण आलं, याची स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या बाबांना रोज नोंद ठेवायची होती. म्हणून मी त्यांच्या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर एसक्यूलाइट हा नोंदी साठवायचा प्रोग्राम टाकून दिला आणि बजावलं, “आधी फाईलचं नाव द्या, बाबा. नाव नसलं तं बंद केल्यावर समदं पुसून जाते.” दुपारभर ते एका बोटानं टाइप करत बसले. मला संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परतायचं होतं. मी बॅग भरत असताना त्यांनी प्रोग्राम बंद केला. मी फाईल शोधली, ती नव्हतीच. “बाबा, नाव कावून नाही देलं? समदं गेलं ना!” ते माझ्या बॅगेकडे बघत म्हणाले, “प्लांटात लॉगबुक भरत होतो, ते पुढच्या शिफ्टवाल्यासाठी. इथं माह्या मागं कोण येऊन राहिलं, बेटा?” मी बॅगेची चेन ओढली. आता माझी मुलगी परदेशात असते. आज सकाळी माझ्याच नोंदींसाठी एसक्यूलाइट उघडलं, आणि फाईलचं नाव टाकायच्या जागी बोटं थांबून राहिली.