बाबांनी न लिहिलेलं पत्रक

टेम्पोत सगळ्यात शेवटी बाबांना चढवलं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून आईने खालून ढकललं आणि मी वरून ओढलं. चामोर्शीजवळच्या आमच्या गावातून निरोप द्यायला कोणी आलं नाही. तलावाच्या पाळीवर मारोती मामा, आईचा सख्खा भाऊ, आमच्याकडे पाठ करून उभा होता. सहा वर्षं झाली. आता आम्ही ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत राहतो. बाबा क्वार्टरांच्या आवारात डाव्या हाताने झाडू मारतात. जाळं फेकणारा हात पुन्हा सरळ झाला नाही.

गावातल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आणि माझ्यासारख्याच गाव सोडून आलेल्या विश्वासी भावंडांसाठीही, कारण त्यांच्यासमोर मी खोटं बोलले.

तलावात जाळं लागलं की पाळीवर मासळीचे ढीग पडायचे, घराला एक. आम्ही येशूकडे वळलो आणि आमचा ढीग पडेनासा झाला. तो अन्याय होता, आजही म्हणते. मी त्या ढिगाबद्दलच लिहायला हवं होतं. पण लहानपणापासून मी वाचत आले ती सुवार्तेची पत्रकंच; कोणीतरी ती बाबांना द्यायचं आणि वाचता येत नसल्याने ते माझ्याकडून वाचून घ्यायचे. त्याच भाषेत मी गावासाठी एक पत्रक लिहिलं: अंधारातले लोक, सैतानाची लेकरं. मामाची आई, म्हणजे माझी आजी, महिन्यापूर्वीच गेली होती. ती नरकात जळते आहे, असंही लिहिलं. झेरॉक्स काढून बाजाराच्या दिवशी पोत्यांवर, सायकलींच्या कॅरिअरला गुपचूप ठेवून आले. खाली नाव घातलं नाही. माझ्या तत्त्वांची हिंमत तेवढीच.

संध्याकाळी गावाची बैठक बसली.

"कोनं लिवलं हे?" मामाने विचारलं.

मी आईच्या मागे होते. बाबा उठले. "मीच लिवलो."

"गोविंदा, तुले सही कराले घाम फुटते, अन् तू कागद लिवते?" कोणीतरी म्हणालं. लोक हसले. हसत हसतच काठ्या उचलल्या गेल्या. वधस्तंभाबद्दल मी कितीदा तरी बोलले होते, पण त्याचा आवाज माझ्या बापाच्या कोपरातून येईल असं वाटलं नव्हतं. मी ओरडलेही नाही.

दवाखान्यात बाबांनी एवढंच विचारलं, "जेवली का तू?"

क्षमा मिळाली की माणसाने कृतज्ञ व्हावं, असं शिकवतात. मला राग आला. त्यांनी मला मारलं असतं तर फिटलं असतं. न मागता मिळालेली क्षमा फिटत नाही. मग मी आणखी नीच काम केलं. ऊर्जानगरच्या प्रार्थनेत साक्ष दिली की प्रभूच्या नावासाठी आमचा छळ झाला. लोक रडले, आमेन म्हणाले. बाबा मान खाली घालून बसले होते. त्यांच्या जखमा मी दागिन्यासारख्या मिरवल्या.

यंदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रार्थनेला न जाता गावची बस धरली. मामा दारातच जाळं विणत होता.

"मामा, तो कागद मी लिहिला होता."

त्याने वर पाहिलं नाही. "मालूम आहे. सप्पा गावाले मालूम होतं."

"मग बाबांना काऊन मारलं?"

"तो उभा राह्यला म्हनून. पोरीवर हात टाकाची लाज होती, अन् राग तं काढाचा होता."

मी माफी मागितली.

"तुया बापानं देल्ली असन. मी नाई देत. माही माय होती ते." तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

शेवटची बस येईपर्यंत मी ओट्यावर बसून होते. बाबांच्या क्षमेबद्दल देवाचे आभार मानायला मला त्या ओट्यावर पहिल्यांदा जमलं, कारण ती मिळाली नाही तर कसं असतं ते समोर होतं. ऊर्जानगरला मी राहते. पण घर कुठलं, असं कोणी विचारलं तर ते बंद दारच सांगेन. ते न उघडण्याचा मामाला पूर्ण हक्क आहे.