बोकडापायी राहिलेला समुद्र

माझे दोन दोस्त मला न सांगता श्रीलंकेला निघालेत, हे मला शिंप्याकडून कळलं. पँटची उंची कमी करायला गेलो होतो. शिंप्यानं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "गुरुजीच्या आन् मोबाईलवाल्याच्या बनियनला चोरखिसे लावून दिले. तुमचा बनियन कधी आणताव?"

चोरखिसा म्हणजे बनियनला आतून शिवलेला, चेन लावलेला खिसा. परदेशात पासपोर्ट आणि नोटा त्यात ठेवायच्या आणि वरून शर्ट घालायचा. ही युक्ती माझी. शेळ्यांच्या बाजारात रोकड घेऊन फिरणारा माणूस असाच खिसा वापरतो. मागे आम्ही तिघं व्हिएतनामला निघालो तेव्हा त्या दोघांना शिंप्याकडे मीच नेलं होतं आणि शिलाईही मीच कमी करायला लावली होती. आता तेच खिसे लावून ते मला सोडून चाललेत.

कारण मला माहीत आहे. अख्ख्या गंगाखेडला माहीत आहे. "ह्याच्या बोकडापायी आमचा समुद्र राहिला," असं ते चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयतीहून परत येताना जीपमध्येसुद्धा सांगत होते. ऐकणारे हसतात. मी काही बोललो की आणखी हसतात. म्हणून आता लिहूनच काढतो. आपल्या भागातली चार पोरं मिळून कमी पैशात परदेशात जाऊ म्हणत असतील, तर त्यांच्याही कामाला येईल. त्या दोघांकडून त्यांना नुसता बोकडच ऐकायला मिळेल.

आम्ही तिघं एका वर्गातले. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झाला. दुसऱ्याचं बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी दहावी नापास झालो, दोन शेळ्या घेऊन धंद्याला लागलो आणि आता हैदराबादपर्यंत माल पाठवतो. मला कोणी धंदा शिकवला नाही आणि कोणी भांडवल दिलं नाही. भाव करायला शिकलो म्हणून उभा राहिलो. त्यामुळे 'जाऊ दे ना, देऊन टाक' असं कोणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं.

पहिला सल्ला हा की तिघांनी जावं. दोघं गेले तर भांडण झाल्यावर मध्ये पडायला कोणी राहत नाही. चौघं गेले तर एका खोलीत मावत नाहीत. दुसरं, आपल्याकडून मुंबईला धावायची गरज नाही. गंगाखेडला रेल्वेत बसायचं आणि हैदराबादला उतरायचं. तिथं विमान मिळतं, आणि रिक्षावाल्याशी बोलायला आपली मोडकी हिंदी चालते. तिसरं, स्वस्तातल्या विमानात नेमून दिलेल्या वजनाची एकच पिशवी नेता येते. जास्तीचं वजन पिशवीत नको, अंगावर ठेवा. गुरुजींनी विमानतळावर दोन पँटी, तीन शर्ट आणि वरून स्वेटर घातला होता. मे महिना होता. तपासणीवाल्या बाईनं विचारलं, "तब्येत ठीक है?" गुरुजी म्हणाले, "थंडी वाजायलीय."

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि येसर न्यावं. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं हे पीठ आपल्या घरोघरी असतं, नुसत्या गरम पाण्यात कालवलं तरी आमटी होते. हनोईत पहिले दोन दिवस आम्ही खोलीतल्या चहाच्या किटलीत येसराची आमटी केली. तिसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यानं किटली उचलून नेली. तोवर आमचा खर्च वाचला होता.

आता भाव करण्याचं सांगतो, ज्यात माझे दोस्त कच्चे आहेत. तिकडे विकणारा माणूस कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून आपल्यासमोर धरतो. आपण आपला आकडा टाकून परत द्यायचा. त्यांच्या नोटांवर शून्यं फार असतात, त्याला घाबरायचं नाही. बोलायचं मराठीतच. इंग्रजी बोललं की त्यांना वाटतं साहेब आला. मराठीत तळमळ दिसते. आणि भाव ठरेपर्यंत मालाला चांगलं म्हणायचं नाही. हे मी गुरुजींना विमानात बसल्यापासून सांगत होतो. पण वर्गात पोरांची पाठ थोपटायची त्यांना सवय. कोणतीही वस्तू हातात घेतली की, "वा! फार सुंदर!" शब्द कळला नाही तरी चेहरा कळतोच. मोबाईलवाला तर वस्तूचा आधी फोटो काढायचा आणि मग भाव विचारायचा. एका टोपीपायी मी दुकानदारिणीला अर्ध्यावर आणलं होतं, तेवढ्यात हा टोपी डोक्यावर घालून बायकोला व्हिडिओ कॉल करायला लागला. बाई परत पहिल्या आकड्यावर गेली.

हे सगळं होतं कारण तिकडचा सौदा उघड्यावर चालतो. आकडा सगळ्यांना दिसतो, मग सोबतचे मध्ये तोंड घालतात. आपल्या जनावरांच्या बाजारात जुने व्यापारी अजून दस्तीखाली सौदा करतात. खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, दोघांच्या हातांवर टाकायची आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. कमी मागितलं तरी समोरच्याचा चारचौघांत अपमान होत नाही, आणि आपल्यालाही कोणी चढवत नाही. जमलं की हातावर हात, टाळी. टाळी पडली की माल तुमचा. टाळी देऊन फिरलेल्या माणसाला पुढच्या बाजारी कोणी बकरीचं शेपूटसुद्धा धरू देत नाही.

एवढं समजून घेतलं तर बोकडाचं समजेल.

हनोईच्या खाली निन बिन नावाची जागा आहे. भाताची शेतं आणि त्यातून सरळ वर उठलेले काळे डोंगर. गुरुजी डोंगर बघत होते, मोबाईलवाला फोटो काढत होता, आणि मी डोंगरावरचे ठिपके बघत होतो. शेळ्या! उभ्या कातळावर चढून पाला खात होत्या. तिथल्या बोकडाचं मटण त्या मुलखात नावाजलेलं आहे, हे नंतर कळलं. आम्ही उतरलो त्या घराच्या मालकिणीकडेही चार जनावरं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला समुद्रावर, 'हा लाँग' नावाच्या खाडीला नेणारी गाडी दाराशी येणार होती. तिथली बोट मोबाईलवाल्यानं गंगाखेडहूनच ठरवली होती. पैसे भरलेले, परत न मिळणारे.

सकाळी मी गोठ्याकडे गेलो. काळा बोकड होता, अंगानं भरलेला. सवयीनं पाठीच्या कण्यावरून हात फिरवला, दात बघितले, पुढून जरा उचलून पाहिलं. घ्यायचा विचार मनात अजिबात नव्हता. पण शेळ्यांचा धंदा करणारा माणूस परमुलखात जाऊन शेळीचा भाव न विचारता येईल, तर गावात तोंड काय दाखवील? मालकीण हसत आली. मी बोकडाकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. तिनं मोबाईलवर आकडा टाकला. मी मान हलवली. तेवढ्यात मागून गुरुजी म्हणाले, "वा! काय तुकतुकीत हाय!"

मग मी काय करणार? खांद्यावरची दस्ती काढली आणि तिच्या मोबाईलवर टाकली. बाई आधी दचकली. मी दस्तीच्या आत डोकं घालून आकडा टाकला आणि तिला खूण केली. तिनंही वाकून आत बघितलं, खळखळून हसली आणि आपला आकडा टाकला. असं आमचं बराच वेळ चाललं.

"अबे, भाव करायलास का लगीन लावायलास?" मोबाईलवाला ओरडला. "गुरुजी, अंतरपाट नीट धरा, मुहूर्त टळायलाय!"

मी लक्ष दिलं नाही. बाई पक्की होती. एक शून्य खाली यायला तिनं मला घाम फोडला. कितीतरी दिवसांनी बरोबरीचं माणूस भेटलं होतं. शेवटी ती अशा आकड्यावर आली की त्या भावात आपल्याकडे शेळीचं करडू येणार नाही. माझा हात आपोआप वर गेला. तिनंही हात वर केला. टाळी पडली.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"बोकड घेतला."

"भाड्यानं का?"

"गुरुजी, बोकड भाड्यानं कोण घेतंय?"

मोबाईलवाल्यानं कपाळाला हात लावला. "लेका, दुपारी गाडी हाय. चल निघून जाऊ. इथं तुला कोण वळखतंय?"

"टाळी दिलीय," मी म्हणालो.

"टाळी दिलीय म्हणं! विमानात शेजारी बसवणार हायस का त्याला?"

मी चोरखिशातून माझे पैसे काढून दिले. तिघांच्या सामाईक पैशाला हात लावला नाही, हे ते दोघं कधी सांगत नाहीत. बोकड तुमच्याकडेच राहू द्या, आम्ही निघतो, असं मी खुणेनं सांगितलंही. पण बाईनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. पाहुण्यानं जेवणासाठी बोकड घेतला, मोठ्या मनाचा माणूस आहे. तिनं भावाला बोलावलं, भावानं शेजाऱ्यांना बोलावलं, आणि आम्ही पिशव्या भरेपर्यंत बोकड कापून झाला होता.

तिकडचे लोक मटण भाजून तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळून खातात. ते त्यांनी केलं. पण एक पातेलं मी मागून घेतलं. कांदा लाल केला, उरलेलं येसर सगळं ओतलं, घरचं तिखट टाकलं. चूल पेटती, वारा अंगणाकडे. शेजारच्या बायका नाकाला पदर लावावा तसा हात लावून खोकत होत्या आणि तरी जवळ येत होत्या.

गाडी आली तेव्हा रस्सा नुकता उकळायला लागला होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आता नीट ऐका. मी त्या दोघांना म्हणालो, "तुमी जा. मी उद्या मागून येतो." हे माझे शब्द. दोघांच्या पाठीवर पिशव्या होत्या. दार उघडं होतं. दोघंही जागचे हलले नाहीत. ड्रायव्हरनं परत हॉर्न वाजवला. गुरुजी पातेल्याकडे बघत म्हणाले, "मीठ टाकलंस का?"

गाडी गेली. समुद्र राहिला तो असा.

त्या दिवशी गुरुजींनी तीन वेळा रस्सा घेतला. मोबाईलवाल्यानं हाडं अशी साफ केली की मालकिणीचं कुत्रं नाराज होऊन निघून गेलं. रात्रीही तेच जेवले. आणि आता गावात काय सांगतात? ह्यानं बोकड घेतला म्हणून समुद्र राहिला. रश्श्याचं नाव नाही.

तर शिंप्याकडून निघालो तो सरळ मोबाईलच्या दुकानात गेलो. दोघं तिथंच होते. एकजण कोणाचातरी फोन उघडून बसला होता, दुसरा स्टुलावर पेपर वाचत होता. रस्त्यानं येताना मी चांगल्या दहा-बारा शिव्या तयार केल्या होत्या. पण दोघांना बघून घशातच राहिल्या. बाजारात मला सलाम करणारे पुष्कळ आहेत. माझ्या हातची किटलीतली आमटी पिणारे हे दोघंच.

"श्रीलंकेत काय स्वस्त हाय म्हणं?" मी विचारलं.

गुरुजींनी पेपर वर धरला. "कोण सांगितलं तुला?"

"तुमचे बनियन बोलायलेत."

मोबाईलवाल्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "हे बघ शेठ, तुला न्यायचं म्हणलं तर भ्या वाटतंय. तिथं हत्ती असतेत. तू टाळी देशील."

"हत्ती मला कशाला पायजे?"

"बोकड तरी कशाला पायजे होता?"

"खाल्लास तवा विचारला न्हाईस!"

आवाज चढला. समोरचा पानवाला उठून उभा राहिला. तेव्हा गुरुजींनी पेपराची घडी केली आणि हळूच म्हणाले, "गड्या, मी अजून समुद्र बघितला न्हाई."

"आं?"

"न्हाई बघितला. पोरांना भूगोलात शिकवतो. भरती, ओहोटी, खाडी, सगळं फळ्यावर काढून दाखवतो. आता रिटायर व्हायला आलो."

"विमानातून तर दिसला असंल की."

"ढग होते."

मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी गाडी दाराशी होती तेव्हा सांगायचं होतं. मीठ टाकलंस का, हे विचारायला तोंड उघडलं, तेव्हाच हेही सांगता आलं असतं. मी तसं म्हणालोही. गुरुजी म्हणाले, "रस्सा समोर होता, ध्यानातून गेलं."

मग मोबाईलवाला म्हणाला, "यायचं तर ये. पर एक अट हाय. तिथं भाव करायचा न्हाई. रिक्षाचा न्हाई, खोलीचा न्हाई, शहाळ्याचा न्हाई. सांगतील तेवढे द्यायचे आन् पुढं चालायचं. समुद्र दिसेस्तोवर तुझं तोंड बंद."

"बरं," मी म्हणालो.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मोबाईलवाल्यानं परत स्क्रू ड्रायव्हर उचलला. गुरुजींनी चहा सांगितला. चहा पिऊन, तारखा विचारून मी उठलो.

बसस्टँडच्या कोपऱ्यापर्यंत आलो आणि पाय थांबले. त्यांनी पहिला शब्द टाकला आणि मी लगेच हो म्हणालो. ते एकमेकांकडे का बघत होते, हे आता ध्यानात आलं. शहाळं तर अटीतून नक्की सुटलं असतं. थोडं ताणलं असतं तर रिक्षाही सुटली असती.