धुऊन गेलं कोण?

शकुन दातारचा माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त भरवसा, आणि आकड्यांवरही तपासल्याशिवाय नाही. अकोल्याहून कोलकात्याला बदली झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत, खत कंपनीच्या तपासणी विभागात बसून तिने दोन गोदामांतल्या दोन तफावती पकडल्या होत्या. जूनमधल्या त्या सोमवारी तिसरी तफावत आपल्या पायांनी टेबलावर चालून आली, असं तिला वाटलं.

बराकपूरच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या जमिनीवर कंपनीचे प्रात्यक्षिकाचे सात वाफे होते. सहांत युरिया घातलेला, सातवा मुद्दाम कोरा. तीन आठवड्यांनी माती तपासली, तर सातही वाफ्यांतलं नत्र सारखंच, नगण्य. खत घालणारा श्यामसुंदर मंडल अकरा वर्षं कंत्राटावर होता. त्याचं कंत्राट वाढवायचं की नाही, याची शिफारस शकुनने शुक्रवारपर्यंत द्यायची होती.

श्यामसुंदरच्या डायरीत सगळं जागच्या जागी होतं, आणि तेच तिला खटकलं. एका वाफ्यापासून दुसऱ्यापर्यंत बरोब्बर दहा मिनिटं. रिकाम्या गोणीचा फोटो चिकटवलेला. न मागता फोटो कोण काढतं? तिसऱ्या दिवसापुढे लाल शाईत ‘दोन दिवस मुसळधार’. ही तर आधीच पेरून ठेवलेली सबब. खत मातीत घातलं तर मातीतच राहणार, जाईल कुठे? शकुन कॉमर्सची. जमीन तिने कागदावरच पाहिलेली, आणि अकोल्याकडची काळी माती कागदावर तरी काही सोडत नसे.

मंगळवारी तिने श्यामसुंदरला न कळवता शेतमालकाला फोन लावला. म्हातारा बंगालीखेरीज काही बोलेना. युरियाचं काय झालं, या प्रश्नावर एवढंच म्हणाला, “शार धुये गेछे.” बंगाल्यांच्या तोंडी ‘स’चा ‘श’ होतो, हे तिला एव्हाना पाठ होतं. श्यामसुंदरला गावात सगळे सरच म्हणत. सर धुऊन गेले. म्हणजे हातपाय धुतले आणि चालते झाले. इतकं सोपं बंगाली तिने आजवर ऐकलं नव्हतं.

वाक्य जसंच्या तसं टिपणात घालून, खाली अर्थ लिहून तिने ‘कंत्राट वाढवू नये’ अशी शिफारस टाइप केली. मग आकडे पडताळायला प्रयोगशाळेतल्या नूपुर घोषालकडे गेली. नूपुर त्या वाक्यावर अडली.

“शकुनदी, सरांना ‘गेछे’ कोण म्हणेल? ‘गेछेन’ म्हणतात. आणि इथे शार म्हणजे सर नव्हे, खत.”

“खत धुऊन गेलं? कुठे?”

“खाली. जमीन रेताड आहे तिथली. पावसाच्या पाण्याबरोबर नत्र मुळांच्याही खाली उतरलं असणार. आपले नमुने वीतभर खोलीचे.”

शकुनला हेही पटेना. नूपुर आणि श्यामसुंदर रोज एकाच गाडीने जात-येत.

गुरुवारी ती स्वतः वाफ्यांवर जाऊन उभी राहिली. जागा तिने निवडल्या, पिशव्यांच्या गाठी तिने मारल्या. श्यामसुंदर गिरमिटाने दोन-अडीच फुटांवरची माती काढत राहिला. कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. संध्याकाळी नूपुरने शकुनच्या समोरच तपासणी केली. सहा वाफ्यांचं नत्र खाली जाऊन बसलं होतं, पिकाच्या हाताला लागणार नाही असं. कोऱ्या वाफ्यात खालीही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने कंत्राट वाढवण्याची शिफारस वर पाठवली आणि श्यामसुंदरला बोलावून, गैरसमजातून आधी उलट टिपण लिहिल्याचं सांगितलं. तो बसला नाही. पहिलं टिपण वर गेलं होतं का, एवढंच त्याने हिंदीत विचारलं. फाडून टाकलं, ती म्हणाली.

“तुम्ही म्हणता फाडलं,” तो म्हणाला. “तोंडी नको, मॅडम. मी खत घातलं होतं, असं कागदावर द्या.”

तिने दिलं. त्याने कागद दोनदा वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि परत तिच्यासमोर ठेवला. शिक्का राहिला होता.