मावशींची कर्नलची वही

आमच्या वस्तीच्या संघटनेचा सर्व्हर मावशी सांभाळायच्या. कर्नलच्या, म्हणजे यंत्राच्या गाभ्यातल्या, एकेका सेटिंगबद्दल बनवणाऱ्यांनी दिलेली माहिती एवढीच: ‘ही मर्यादा ठरवते.’ कशाची, कशासाठी, पत्ता नाही! मावशी ते वहीत फोडून लिहायच्या आणि मला वाचायला लावायच्या. मी अडखळलो की ओळ खोडून पुन्हा सोपी लिहायच्या.

“तुझ्या डोक्यात शिरलं, तर भिंतीतही शिरेल.”

मी भडकायचो.

कोर्टातल्या सुनावणीच्या सकाळी सर्व्हर अडला. वस्तीतली चारशे घरं पाडू नयेत म्हणून जमवलेले पुरावे आत, आणि मावशी डोळ्याच्या ऑपरेशनला. पडद्यावर आलेला एररचा संदेश वहीत सापडला: ‘एका वेळी उघडायच्या फायलींची मर्यादा संपली. हा आकडा दुप्पट कर. घाबरू नकोस.’ केला. पुरावे वेळेत पोचले, पाडकाम थांबलं.

मी अर्ध्यात शाळा सोडलेला. मला कळेल असं लिहायची तसदी एकट्या मावशींनी घेतली.