तांडेलांच्या बारा केबिनी

तांडेल कुठल्याही केबिनीत शिरण्याआधी तिच्या खाली वाकून बघायचे. दार उघडं असो, आत चहा झालेला असो, कुणी हाक मारत असो, ते आधी गुडघ्यावर बसणार, मान वाकडी करून केबिन कशावर टेकलीय ते बघणार, एखाद्या ठोकळ्याला बुटाने ढकलून पाहणार आणि मगच आत येणार. साठीला आलेला, रुंद खांद्यांचा माणूस वाळूत गुडघे टेकून घराच्या पोटाखाली डोकावतोय, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांचं काहीतरी खाली घरंगळून गेलंय.

"काय शोधताय काका?" मी विचारलं.

"काय नाय. हिला खाली कोण धरून ठेवतंय ते बघतो," ते म्हणाले. "कोणच नाय."

अमिरातीच्या आतल्या भागात, शहरापासून दीड-दोन तासांवर, पाइपलाइनच्या कामावर आमचा तात्पुरता कॅम्प होता. चारी बाजूंना वाळू आणि मध्ये बारा पोर्टाकेबिनी. पत्र्याच्या, आतून फळ्या मारलेल्या, ट्रेलरवरून आणून सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवून दिलेल्या. माणसं चाळीसच्या आसपास. मी साताऱ्याकडचा, टायमकीपर म्हणून नवीन आलो होतो. हजेरी लावायची, तास मांडायचे, कंपनीचे कागद टाइप करायचे. तांडेल रिगिंगचे फोरमन. जड पाइप क्रेनला बांधायचं काम त्यांचं. दाभोळच्या खाडीकाठचे कोळी. त्यांचे वडील होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, होते म्हणून यांनाही सगळे तांडेलच म्हणायचे. केरळी सुपरवायझर आणि पठाण ड्रायव्हरसुद्धा. त्यांचं खरं नाव मला हजेरीपटावर वाचून कळलं आणि ते मी तिथेच ठेवलं.

त्या बारा केबिनी त्यांनी दोरांनी जमिनीला बांधून काढल्या होत्या. कंपनीने सांगितलं नव्हतं. तपासणीत नापास झालेले वायर-रोप भंगारात जायचे, ते तांडेल बाजूला काढून ठेवत. छपरावरून आडवे दोन दोर, दोन्ही टोकांना जमिनीत पुरलेले काँक्रीटचे ठोकळे, मध्ये ताण द्यायला टर्नबकल. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पाना घेऊन ते एकेक दोर बोटाने वाजवून बघत. सैल वाटला की दोन पिळे देत. सुपरवायझर हसायचा, "तांडेल भाई, केबिन भाग के किधर जाएगा?" तांडेल हसत नसत. "ही खोली नाय," ते मला म्हणायचे, "खोकं हाय. खोक्यात बसून वाऱ्याशी भांडता येत नाय."

पण गंमत अशी की इतकं बांधूनही त्यांचा त्या दोरांवर विश्वास नव्हता. दोर रोजच्या वाऱ्यासाठी, असं ते सांगत. खरा वारा आला तर केबिन सोडायची. कॅम्पमध्ये पक्कं बांधकाम एकच होतं, बाथरूमचं. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर स्लॅब, खिडक्या नाहीत, नुसते झरोके. महिन्यातून एका शुक्रवारी तांडेल पत्र्याचा डबा बडवत फिरायचे आणि चाळीस माणसांना त्या बाथरूममध्ये उभं करायचे. अंगाला अंग लावून आम्ही उभे. कुणी नाक धरतंय, कुणी गाणं म्हणतंय. पठाण ड्रायव्हर ओरडायचा, "यल्ला, खलास करो, मेरी रोटी जल रही है!" तांडेल दारात उभे राहून डोकी मोजायचे आणि मला म्हणायचे, "टायमकीपर, तूपण मोज. तुझा आकडा नि माझा आकडा जुळला पायजे."

त्यांचे नियम थोडेच होते. बूट पलंगाखाली नाही, पलंगाजवळ. बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, उशीखाली नाही, खिशात. वारा सुटला तर पिकअपमध्ये जाऊन बसायचं नाही, गाडी उलटते. केबिनखाली शिरायचं नाही, ती अंगावर बसते. उघड्यावर सापडलात तर खोलगट जागा बघून पालथं पडायचं आणि डोकं हातांनी झाकायचं. आणि सगळ्यात वरचा नियम ते दोनदा सांगत. "वारा आल्यावर निघायचं नसतं रे. वारा यायच्या आधी निघायचं असतं. आल्यावर दारसुदीक उघडत नाय."

लहानपणी त्यांनी समुद्रावर वावटळीची सोंड उतरलेली पाहिली होती. काळ्या ढगातून खाली येते, पाण्याला लागते, आणि मधे जे असेल ते उचलते. वडिलांनी होडी सोडून सगळ्यांना बंदराच्या दगडी भिंतीआड नेलं होतं. होडी गेली. "बा एक शब्द बोलला नाय होडीबद्दल," तांडेल म्हणाले. एवढंच. वाळवंटात समुद्रासारखी सोंड कशी उतरेल, असं मला वाटत होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि माझं लग्न ठरलं होतं. संध्याकाळी होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलायला मी केबिनीमागे जायचो तेव्हा तांडेल पाना वाजवत लांब निघून जायचे.

तो शुक्रवारच होता. मार्च संपत आला होता. सकाळपासून हवा कोंदट, दुपारी जेवणं होऊन माणसं पडलेली. तीनच्या सुमाराला तांडेलांचा डबा वाजायला लागला. माणसं शिव्या देत उठली. या महिन्याचा डबा वाजून गेला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. बाहेर आलो तर पश्चिमेकडे धुळीची भिंत दिसत होती, पण धूळ तर इथे नेहमीचीच.

दिनकर नावाचा एक वेल्डर माझ्या केबिनीत राहायचा. अकोले तालुक्यातला, नगर जिल्ह्यातला. अबोल, कामाला चोख. त्याला दोन दिवस ताप होता. गोळी घेऊन तो पांघरूण ओढून पडला होता. डबा ऐकून तो उठून बसला आणि बूट शोधायला लागला.

"जायला पायजे का रे?" त्याने मला विचारलं.

त्याचा चेहरा तापाने लाल झाला होता. दोनशे पावलं जायचं, गर्दीत उभं राहायचं, परत यायचं. मी म्हणालो, "झोप तू. तांडेलांनी बांधलेली केबिन आहे. हलणार नाही."

तो म्हणाला, "तेही खरंय." आणि आडवा झाला. मी दार ओढून घेतलं.

बाथरूममध्ये तांडेलांनी मोजलं. मग माझ्याकडे बघितलं. "एक कमी. कोण?"

"दिनकर. ताप आहे. झोपलाय."

ते दाराकडे वळले. तेवढ्यात आवाज आला. मी नंतर अनेकांना तो आवाज सांगायचा प्रयत्न करताना ऐकलं. कुणी म्हणतं क्रेन पडल्यासारखा, कुणी म्हणतं विमानासारखा. मला तो आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तांडेल बाहेर पडायला धडपडत होते आणि आम्ही तिघांनी त्यांना कमरेला धरून ठेवलं होतं. पठाण ड्रायव्हर, एक फिटर आणि मी. त्यांच्या पट्ट्याचं बक्कल माझ्या मनगटात रुतलं होतं. झरोक्यातून वाळू येत होती. दोन मिनिटं असेल, फार तर तीन.

बाहेर आलो तेव्हा शांत होतं. वावटळ कॅम्पच्या एका कडेने निघून गेली होती. चार केबिनींना तिचा तडाखा बसला होता. बाकीच्या जशाच्या तशा होत्या. आमची केबिन जागेवर होती. ठोकळ्यावरून एक बोटभरही सरकली नव्हती. दोर जमिनीत घट्ट होते. फक्त छप्पर आणि मागची भिंत नव्हती. पत्रे दोरांच्या मधून फाटून गेले होते, आणि त्यातलाच एक दिनकरच्या अंगावर होता.

तांडेलांनी तो पत्रा एकट्याने उचलला. दिनकर शुद्धीवर होता. तांडेल त्याच्याजवळ बसले, कान त्याच्या तोंडाशी नेला. तो काहीतरी बोलला. मी चार हात लांब उभा होतो. मला ऐकू आलं नाही. अॅम्ब्युलन्स यायला वेळ लागला. ती येईपर्यंत तांडेल त्याच्या कपाळावर हात ठेवून बसले होते. ती आली तेव्हा त्यांनी हात काढला आणि मानेनेच नाही म्हणून सांगितलं.

मी हजेरीपट काढला आणि त्याच्या नावापुढच्या उरलेल्या रकान्यांवर रेघ ओढली. ते माझं काम होतं. मला रडू आलं नाही. रात्री जेवलोसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून तांडेलांनी दोर काढायला घेतले. आधी उरलेल्या आठ केबिनींचे, मग मोडलेल्या चारांचे. टर्नबकल सोडवायचे, दोर गुंडाळायचा, भंगारात टाकायचा. सुपरवायझर म्हणाला, "अब तो जरूरत है, भाई." तांडेल म्हणाले, "नहीं. इसको देख के आदमी अंदर रुकता है." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाराही केबिनी मोकळ्या झाल्या. मग त्यांनी मला बोलावलं आणि कोळशाने प्रत्येक दारावर एक बाण काढायला लावला, बाथरूमच्या दिशेने. हे सगळं ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलून करत होते.

चौकशीचा कागद मीच टाइप केला. ऑफिसच्या केबिनीत तांडेल समोर खुर्चीवर बसले. कंपनीचा माणूस प्रश्न विचारून फोनवर बोलायला बाहेर गेला होता. दिनकर आत का राहिला, हा प्रश्न होता.

"लिही," तांडेल मला म्हणाले. "मी त्याला सांगितलं, थांब, माझी केबिन हलायची नाय."

माझे हात कीबोर्डवर थांबले.

"काका, तुम्ही तर..."

"त्यानं मला सांगितलं कोण काय म्हणालं ते." त्यांनी आवाज वाढवला नाही. "तुझं लग्न हाय जूनमध्ये. मला तसंपण वर्षभरात घरी जायचंय. लिही."

मी लिहिलं. हे मी सांगतोय ते कुणी मला समजून घ्यावं म्हणून नाही. मी लिहिलं, प्रिंट काढली, त्यांनी सही केली. कंपनीला एक नाव हवं होतं, ते मिळालं. पंधरा दिवसांत त्यांचा व्हिसा रद्द झाला.

निघताना त्यांच्याकडे एकच बॅग होती. पिकअपमध्ये बसायच्या आधी सगळ्यांनी त्यांच्याशी हात मिळवले. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझा हात उलटा करून मनगट पाहिलं. बक्कलाची खूण अजून निळी होती. "लागलं तुला," ते म्हणाले. गाडी गेली. मी ऑफिसात येऊन त्या दिवसाचे तास मांडले.

माझं लग्न झालं. नोकरी बदलली. आता मी अमिरातीतच, मोहम्मद बिन झायद सिटीमध्ये राहतो, पक्क्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. जोराचा वारा सुटला की मी घरातली माणसं मोजतो. आम्ही तिघंच आहोत, तरी मोजतो. मुलगी म्हणते, "बाबा, इट्स जस्ट विंड." मी हो म्हणतो.

दोन वर्षांनी मी एकदा तांडेलांना फोन केला होता. म्हटलं, दिनकरच्या घरी जायचं म्हणतोय, खरं काय ते सांगून येतो. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मी जाऊन आलो," ते म्हणाले. "आल्या आल्याच गेलो होतो. त्याच्या आईला सांगितलं, माझ्यामुळं झालं. म्हातारीनं आधी मला खूप बोलून घेतलं. मग पाणी दिलं. आता ती कुणावर तरी राग धरून जगतेय. तू जाऊन तिचा तो माणूस बदलू नको."

"मग मी काय करू?"

"मला ठाऊक नाय रे," तांडेल म्हणाले.

मी गेलो नाही.

गेल्या वर्षी तांडेल वारले. जुन्या साइटच्या ग्रुपवर फोटो आला, खाली हात जोडलेली चित्रं. मी मीटिंगमध्ये होतो. फोटो पाहिला, फोन उलटा ठेवला आणि मीटिंग पुरी केली. संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. कामावरचे एक ओळखीचे गेले."

डिसेंबरच्या सुट्टीत एकटाच त्यांच्या गावी गेलो. खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर घर होतं. त्यांच्या पत्नी ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांना ते कळलं नाही. मी म्हटलं, "टायमकीपर." तेव्हा त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमचं नाव कायम निघायचं," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, पोराला मी वाचवला खरा, पण त्याला कुणी रागं भरलं नाय, ते चुकलंच माझं. माणसाला कुणीतरी बोलून घ्यायला लागतं. नायतर ते आतच राहतं."

मी उभाच होतो. मला काहीच वाटत नव्हतं, त्या दुपारी वाटलं नव्हतं तसंच. फक्त तोंडातून निघालं, "काकू, मग तुम्ही बोला."

त्यांनी सुपातली सुकट एका बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि उठल्या.

"मी काय बोलणार तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "ज्यानं बोलायचं तो गेला. आता एवढ्या लांबून आलाय, जेवून जा."

आत जाऊन त्यांनी ताट वाढलं. मी हात धुतले आणि जेवायला बसलो.